साधी गाठ

आमच्या मुलीच्या मेंदूतील गाठ साधी आहे, असे शस्त्रक्रियेच्या आधी आम्हाला सांगण्यात आले आणि त्या एका शब्दाच्या आधारावर आम्ही दोघांनी पुढचे कित्येक दिवस काढले. वैद्यकीय भाषेत साधी म्हणजे कर्करोगाची नव्हे, एवढेच. आम्ही मात्र तो शब्द घरात वापरतात त्या अर्थाने ऐकला. साधा ताप, साधा खोकला, तशी साधी गाठ, काढून टाकली की विषय मिटला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. वर्षभर तिचे डोके दुखत होते, फळ्यावरचे नीट दिसत नव्हते, चष्मा लावूनही दिसत नव्हते, आणि अखेर एमआरआयमध्ये कवटीच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे काहीतरी दिसले. क्रॅनिओफॅरिंजिओमा हे नाव न अडखळता उच्चारायला शिकण्यातच आमचे दोन दिवस गेले.

मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना हुकूम देणारी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी बाळ पोटात असताना घडते. त्या घडणीतून मागे राहिलेल्या पेशींपासून ही गाठ तयार होते, असे मानले जाते. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला अर्ध्या ते दोन जणांना ती होते, म्हणजे दुर्मीळच. मुलांमध्ये ती बहुधा ५ ते १४ या वयात आढळते. ती सहसा दुसऱ्या अवयवात पसरत नाही. तिची सगळी भीती तिच्या जागेमुळे आहे. लगत डोळ्यांच्या नसा, खाली पीयूषिका आणि वर हायपोथॅलॅमस. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग प्रौढ माणसातही जेमतेम ४ ग्रॅमचा असतो, पण तहान, भूक, झोप आणि शरीराचे तापमान यांचा कारभार त्याच्याकडे असतो. संमतिपत्रावर पुढे वजन वाढण्याची शक्यता लिहिलेली होती, हे मी नंतर कागद पुन्हा काढून पाहिले तेव्हा कळले. त्या ओळीच्या वरच्या ओळींत अंधत्व, पक्षाघात आणि मृत्यू हे शब्द होते. त्यांच्याखाली वजन हा शब्द कोण वाचणार? आठ तासांनी सर्जन बाहेर आले, 'पूर्ण निघाली' म्हणाले, आणि आम्ही रडलो.

घरी पाठवताना परिचारिकेने एक वही आखून दिली. किती पाणी प्यायली, किती लघवी झाली, कोणती गोळी किती वाजता दिली आणि शेवटच्या रकान्यात रोज सकाळचे वजन. त्या रकान्याचा चरबीशी काही संबंध नव्हता, तो पाण्यासाठी होता. हायपोथॅलॅमसमध्ये तयार होऊन पीयूषिकेतून रक्तात जाणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते. ते बंद पडले की मूल सारखी लघवी करते, सारखे पाणी मागते आणि तरी कोरडे पडत जाते. या विकाराला डायबिटीस इन्सिपिडस म्हणत असत. साखरेच्या मधुमेहाशी नाव जुळत असल्यामुळे रुग्णालयांत गफलती होत, अशा रुग्णांचे औषध चुकून थांबवले जाई, म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी ते नाव बदलून सरळ व्हॅसोप्रेसिनची कमतरता असे ठेवले. त्यावर व्हॅसोप्रेसिनचे काम करणारे डेस्मोप्रेसिन हे औषध देतात. त्याचा डोस जास्त झाला तर पाणी अंगात साठते, रक्तातील सोडियम उतरते आणि झटके येऊ शकतात. एका रात्रीत वजन किलोभर वाढले तर ते पाणी आहे, ताबडतोब फोन करा, अशी आम्हाला ताकीद होती.

त्यामुळे वजन चढू लागले तेव्हा आम्ही प्रथम पाण्याकडेच बोट दाखवले. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती २४ किलो होती. सहाव्या आठवड्यात २७. सोडियम तपासले, ते अगदी जागेवर होते. मग दुसरे उत्तर हाताशी आले, आणि ते आम्हाला फारच आवडले, कारण त्यात संपण्याची तारीख होती. मेंदूची सूज उतरावी म्हणून शस्त्रक्रियेच्या सुमारास डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. या औषधाने भूक खवळते, चेहरा गोल होतो, आणि औषध हळूहळू कमी करून थांबवले की काही आठवड्यांत हे सगळे ओसरते. मेंदूच्या इतर गाठींच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांचे वजन वाढते त्यातले बरेचसे याच जातीचे असते आणि ते खरोखरच उतरते. आम्ही वाट पाहिली. डेक्सामेथासोन बंद झाले, चेहऱ्याची गोलाई थोडी कमीही झाली, पण वहीतला आकडा थांबला नाही. सहा महिन्यांनी ३३, वर्षभराने ३९. उंचीत त्याच काळात तीन सेंटिमीटरची भर पडली होती. वाढीच्या तक्त्यावर मुलांचे ठिपके सहसा एका वक्ररेषेच्या बाजूबाजूने चालतात. तिचा ठिपका एकेक रेषा ओलांडत कागदाबाहेर निघाला होता.

तिसरे उत्तर लोकांनी दिले आणि आम्ही ते स्वीकारले. आजारपणात लाड झाले. मरणाच्या दारातून आलेल्या मुलीला नाही म्हणवत नाही, हे स्वाभाविक आहे, पण आता पुरे. असे बोलणारे सगळे आमच्या मायेचेच होते. एका आहारतज्ज्ञांनी तर छापील तक्ता हातात देऊन, घरात शिस्त असली की मुले आपोआप बारीक राहतात, असेही सांगितले. मला शिस्तीची हौस आहे. मी ताटातले पदार्थ मोजू लागलो, संध्याकाळी तिला चालायला नेऊ लागलो, आणि एके दिवशी तिच्या कंपासपेटीत खाण्याचा रिकामा कागद सापडला तेव्हा स्वयंपाकघरातील कपाटाला कुलूप लावून तिला म्हणालो की तू खोटे बोललीस म्हणून हे कुलूप आहे. ती काही बोलली नाही. हे वाक्य मी इथे लिहितो आहे ते प्रायश्चित्त म्हणून नव्हे. अशा मुलांच्या घरात हे वाक्य फार वेळा उच्चारले जात असणार, असे मला वाटते म्हणून.

अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांकडे पुढच्या भेटीत मी वही घेऊन गेलो, काहीसा अपराधी आणि काहीसा फिर्यादी. त्यांनी वही चाळली, शस्त्रक्रियेनंतरचा एमआरआय पडद्यावर लावला आणि एका जागी बोट ठेवले. तिथे हायपोथॅलॅमसचा तळ असायला हवा होता. तो नव्हता. त्या म्हणाल्या, 'ही जखम आहे. वजन हे तिचे लक्षण आहे.' मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत लिहितो.

शरीरातील चरबी मुकी नसते. ती लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि साठा पुरेसा आहे असा निरोप त्यातून मेंदूला जातो. हा निरोप वाचणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या तळाशी असतात. तिथून पुढे आणखी एक निरोप निघतो आणि तो मेलॅनोकॉर्टिन-४ या ग्राहकापर्यंत (रिसेप्टर), म्हणजे पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागेपर्यंत, पोहोचला की भूक शमते आणि शरीर ऊर्जा मोकळ्या हाताने खर्च करू लागते. हा वाचणाराच गेला तर चरबी कितीही वाढो, लेप्टिन कितीही वाहो, मेंदूच्या लेखी घरात दाणा नाही. मग दुष्काळात जे करायचे ते शरीर करते. भूक वाढवते, हे आपल्याला दिसते. बाकीचे दिसत नाही. स्वस्थ बसलेले असताना जळणारी ऊर्जा कमी होते, कारण शरीराला सज्ज ठेवणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर ओसरतो. उलट मेंदूतून पोटातील अवयवांकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो, तो स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावतो, आणि इन्शुलिनचे एक मुख्य काम चरबी साठवणे हेच आहे. म्हणून यातली बरीच मुले बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त खात नसूनही जाड होत जातात. काहींच्या बाबतीत भूक खरोखर अनावर असते, काहींच्या बाबतीत नसते. वजन दोघांचेही वाढते. याला हायपोथॅलॅमिक स्थूलता म्हणतात. लहानपणी क्रॅनिओफॅरिंजिओमा झालेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती होते आणि पहिल्या सहा ते बारा महिन्यांत तिचा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणजे मी कुलूप लावत होतो त्याच महिन्यांत.

नंतर मी जुने वाचत गेलो, तेव्हा राग आला तो या गोष्टीच्या वयाचा. १९०१ मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रोलिश या डॉक्टरांनी डोकेदुखी, मंद होत चाललेली दृष्टी आणि झपाट्याने वाढणारे वजन अशा एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आमच्या मुलीचीच कागदपत्रे जणू. त्यांना दोष पीयूषिकेचा वाटला. १९०४ मध्ये याकोब एर्डहाइम यांनी पीयूषिका शाबूत असलेल्या रुग्णांकडेही बोट दाखवून, दोष तिच्या वरच्या मेंदूत असावा, असे मांडले. वाद पुष्कळ वर्षे चालला. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये नेमक्या जागी इजा केली आणि पीयूषिकेला धक्का न लावताही ते उंदीर लठ्ठ झाले. लेप्टिन १९९४ मध्ये सापडले. उंदरांना तेव्हा कोणी हावरट म्हटले नाही. माणसाच्या मुलाच्या बाबतीत मात्र शंभराहून अधिक वर्षांचे ज्ञान छापील तक्त्याच्या आड सहज लपते.

घरातले जुने फोटो पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शस्त्रक्रियेच्या आधीच्या वर्षातच तिचे गाल भरत चालले होते. आम्ही त्याला बाळसे म्हणत होतो. गाठ स्वतःही हायपोथॅलॅमस दाबते, कुरतडते. कित्येक मुलांचे वजन निदानापूर्वीच वाढू लागलेले असते. म्हणून सगळे खापर चाकूवर फोडता येत नाही. तरीही 'पूर्ण निघाली' या शब्दांकडे मी आता पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. या गाठीच्या शस्त्रक्रियेबाबत गेल्या काही दशकांत विचार बदलत गेला. २००७ मध्ये पॅरिसमधील शल्यविशारदांनी हायपोथॅलॅमस किती ग्रासलेला आहे यावरून गाठींची प्रतवारी मांडली, आणि जिथे गाठ त्याला चिकटून आत शिरलेली आहे तिथे तो भाग तसाच ठेवून उरलेल्या गाठीवर किरणोपचार करावेत, हा मार्ग अनेक ठिकाणी रुळला. अपुरी काढलेली गाठ परत वाढू शकते, किरणांचेही आपले परिणाम असतात. त्यामुळे निवड सोपी नाही आणि आमच्या सर्जननी त्या दिवशी काय पाहिले ते मला कधीच कळणार नाही. पण आज कोणा आईवडिलांना माझ्या जागी बसवले तर, गाठ किती काढणार, हे विचारण्याआधी हायपोथॅलॅमसचे काय करणार, हे त्यांनी विचारावे, असे मी त्यांना सांगेन.

झोपेबद्दल थोडे सांगायला हवे. ती वर्गात झोपत असे आणि त्यामुळे आळशी हे दुसरे विशेषण तिच्या नावामागे लागले. दिवस आणि रात्र यांचा मेळ घालणारे केंद्रही हायपोथॅलॅमसमध्येच असते. निदान झाल्यावर शाळेत कागद दिला, मधल्या सुट्टीत वीस मिनिटे झोपायची मुभा मिळाली, विशेषण गेले.

सर्वांत धोकादायक सल्ला होता तो स्टेरॉइड बंद करण्याचा. ती हायड्रोकॉर्टिसोन घेते हे कळले की सुजाण माणसेही तावातावाने म्हणत की वजनाचे कारण हेच, आधी ते थांबवा. डेक्सामेथासोन आणि हे यांतला फरक समजावता समजावता माझी वाचा शिणली. पीयूषिकेचा हुकूम थांबल्यामुळे तिच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे जगण्याला आवश्यक संप्रेरक पुरेसे करत नाहीत. शरीर एरवी स्वतः जेवढे बनवते तेवढेच आपण बाहेरून देतो, साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला ८ ते १० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून. गरजेपेक्षा जास्त दिले तर वजन वाढते हे खरे, म्हणून डॉक्टर डोस पुन्हापुन्हा तपासतात. पण थांबवले तर मूल दगावू शकते. ताप आला की हाच डोस दुप्पट किंवा तिप्पट करावा लागतो, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन द्यावे लागते. ते कसे द्यायचे ते आम्ही दोघे संत्र्यावर टोचून शिकलो. मुलीने त्या संत्र्याला नाव ठेवले होते.

कुलपाची गोष्ट मात्र मी समजत होतो तशी निघाली नाही. निदान झाल्यावर पश्चात्तापाच्या भरात मी ते काढून टाकले. आठवड्याने तिनेच विचारले की बाबा, ते परत लावाल का. मला वाटले, ती मला टोचते आहे. तसे नव्हते. ती म्हणाली, 'ते असले की मला सारखे ठरवावे लागत नाही.' पुढे समजले की १९५६ साली वर्णन झालेल्या प्रेडर-विली या जन्मजात विकारात, जिथे भूक अशीच न शमणारी असते, मुलांना हेच मोकळे करते. पुढचे खाणे केव्हा आणि काय हे पक्के ठाऊक असणे, आणि मध्ये काही मिळण्याची शक्यताच नसणे. ज्याला पोट भरल्याची खूण कधी मिळतच नाही त्याला उघडे कपाट म्हणजे दिवसभराची परीक्षा. आम्ही कुलूप परत लावले, फळ्यावर जेवणाच्या वेळा लिहिल्या आणि त्या पाळायची जबाबदारी माझ्याकडे आली. उशीर झाला तर बोलणी मी खायची, असा करार ठरला. तिने त्याची अंमलबजावणी निर्दयपणे केली.

एकदा गणिताचा अभ्यास करताना तिने मान वर न करता विचारले, 'माझी भूक खोटी असते का?' मी सांगितले की भूक खरी असते, तुझ्या मेंदूला मिळणारी खबर चुकीची असते. 'म्हणजे मी खोटी नाही,' ती म्हणाली, आणि हातचा एक विसरली.

आहार आणि चालणे आम्ही सोडले नाही. मात्र त्यांच्याकडून अपेक्षा बदलली. पूर्वी आकडा उतरावा म्हणून करत होतो, आता तो कमी वेगाने चढावा म्हणून करतो, आणि चढला तर कोणी कोणाकडे पाहत नाही. औषधेही करून पाहिली जातात. मेटफॉर्मिन, मनाला तरतरी देणारी उत्तेजके, मधुमेहासाठी निघालेली जीएलपी-१ गटातील इंजेक्शने; काहींना फरक पडतो, काहींना नाही. हायपोथॅलॅमसच्या तुटलेल्या साखळीला वळसा घालून थेट मेलॅनोकॉर्टिन-४ या ग्राहकावर काम करणाऱ्या सेटमेलॅनोटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. १२० रुग्ण, ५२ आठवडे; औषध घेणाऱ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सरासरी १६.५ टक्क्यांनी उतरला आणि तुलनेसाठी औषधाविना नुसते द्रावण घेणाऱ्यांचा ३.३ टक्क्यांनी चढला. या औषधाने मळमळते आणि त्वचा सावळी होते. मी ते आकडे वाचले तेव्हा उतरलेल्या आकड्यापेक्षा चढलेल्या आकड्यापाशी जास्त वेळ थांबलो. नुसते द्रावण घेणाऱ्या त्या माणसांवरही डॉक्टरांची देखरेख होती, प्रत्येकाला काही करण्याची उमेद होती, आणि तरी वर्षाअखेर त्यांचा सरासरी आकडा चढलेलाच होता. आमची वही त्यांच्या ओळीत बसत होती.

आता ती चौदा वर्षांची आहे. वही तिच्याकडे आहे. ती अकरा वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या स्वाधीन केली. वजनाचा रकाना तिने ठेवला, कारण डेस्मोप्रेसिन चालूच आहे आणि पाण्याचा हिशोब जन्मभराचा आहे. गेल्या महिन्यात शाळेची दोन दिवसांची सहल होती. पहिल्यांदाच ती आमच्याशिवाय राहणार होती. तिच्या वर्गशिक्षिका आदल्या आठवड्यात घरी येऊन इंजेक्शन शिकून गेल्या, गोळ्यांच्या डब्या लावल्या, दोन घड्याळांत गजर लावले. परतल्यावर तिने दार उघडताच वही माझ्या हातात दिली आणि झोपायला गेली. मी उभ्यानेच पाने उलटली. पाणी, लघवी, गोळ्यांच्या वेळा, सगळे मिनिटासकट होते. दोन्ही दिवसांच्या शेवटच्या रकान्यात तिने एकच गोष्ट लिहिली होती: काटा नव्हता.